रापी निळी पडली, आता काय? धार आणि पॉलिशबद्दल थोडं सविस्तर

राम राम. तुमचा प्रश्न वाचला. चामड्याच्या दोन पट्ट्यांच्या कडा तासल्या की रापी (चामडं कापायची-तासायची सुरी) बोथट होते, मित्राने बेंच ग्राइंडरवर लावून दिली तर टोक निळं पडलं, आणि एज बेव्हलर (चामड्याच्या कडेचा कोपरा तासायचं हत्यार) कापायच्या ऐवजी चामडं ओढतोय. तीनही गोष्टींचं मूळ जवळपास एकच आहे, धार आणि पॉलिश करायची पद्धत, पण आधी निळ्या रंगाचं बघू.

तेवढा भाग गेला असं समजा. रापीचं पोलाद साधं कार्बनचं असतं, तापवलं की साधारण २२० अंशांना ते फिकट पिवळं दिसायला लागतं, ३०० च्या आसपास निळं, आणि निळं झालं म्हणजे लोहार म्हणतात तसं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. मग कितीही धार लावा, दहा मिनिटांत बसणार. बेंच ग्राइंडर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे मारतो आणि धारेजवळ पातं इतकं पातळ असतं की उष्णतेला पळायला जागाच नसते, त्यामुळे ठिणगी नीट दिसायच्या आत टोक तापलेलं असतं. उपाय एकच, निळ्या भागाच्या मागेपर्यंत भरड दगडावर हाताने घासत न्यायचं. कंटाळवाणं आहे, पण होतं. ग्राइंडर वापरायचाच असेल तर एकदा टेकवा, पाण्यात बुडवा, परत टेकवा, आणि बोटाला गरम लागलं की थांबा. त्यासाठी बोटं उघडी हवीत, हातमोजे फिरत्या चाकाजवळ तसेही नकोत, कापड अडकलं की हात आत ओढला जातो. चष्मा मात्र हवाच. टेकण (पातं टेकवायचा आधार) आणि चाक यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नका, पातं त्यात जाऊन अडकतं.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक समजा: ग्राइंडरशेजारी सोल्युशनचा (चामडं चिकटवायच्या गोंदाचा) डबा उघडा नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीलगत साचते, आणि आपल्याकडे ग्राइंडर बहुतेक वेळा जमिनीवरच मांडलेला असतो. ठिणगी कुठे पडते ते तुम्हीच बघा.

माझं स्पष्ट मत, रापीला मोटर लागतच नाही. ५-६ मिमीची सपाट काच घ्या, खाली ओला फडका घाला म्हणजे सरकणार नाही, वर पाणी मारून वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) चिकटवा, ४०० नंबर मग १००० मग २०००. तुमची रापी एका बाजूनेच उतार असलेली आहे असं धरून सांगतो. उताराच्या बाजूला मार्कर फासा, दोन हात घासा आणि बघा शाई कुठून गेली. वरूनच गेली आणि धारेजवळ तशीच राहिली म्हणजे पातं फार आडवं धरलंय, नुसती धारेवरून गेली म्हणजे फार उभं. २० अंशांच्या आसपास ठीक, पण आकड्यापेक्षा रोज तोच कोन धरता येणं महत्त्वाचं. कागदावर पातं नेहमी मागे ओढायचं, धार पुढे ढकलली तर कागद कापतो आणि हात सटकतो. मागच्या सपाट बाजूवर बोट आडवं फिरवलं (धारेच्या लांबीवरून नाही, पात्याकडून धारेबाहेर) की बारीक बर, म्हणजे धातूची वळलेली खरखरीत कड, लागते, ती सगळ्या लांबीवर आली की पुढच्या नंबरवर जा. सपाट बाजू पूर्ण टेकवूनच घासायची, ती जरा उचलली की तासताना रापी चामड्यात खोल शिरते किंवा वर निसटते आणि दोष हाताला देतो आपण.

आता पॉलिश. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि लोक इथेच आळस करतात. सपाट लाकडी पट्टीवर कडक, पातळ चामडं चिकटवा, वर हिरव्या पॉलिशची वडी घासा (ते क्रोमियम ऑक्साइड असतं), आणि पातं मागे ओढत दहा-पंधरा हात मारा, मग दुसरी बाजू. मऊ जाड चामडं घेऊ नका, दाबलं की ते धारेभोवती फुगतं आणि धार गोल होते, शेवटी मनगट उचललं तरी तेच होतं. तासकाम चालू असताना मध्ये मध्ये या पॉलिशच्या पट्टीवर मारत राहिलात तर दगड कित्येक दिवस लागत नाही. तुमची रापी दोन पट्ट्यांत बसत होती ती बहुतेक यामुळेच.

कुणी मोटरवर कापडी बफ लावायला सांगेल. लावा, पण चाक समोरून खाली फिरत असेल तर मध्याच्या खाली आणि धार खालच्या दिशेला ठेवूनच. धार वर केली की बफ पातं पकडतो आणि थेट मांडीकडे फेकतो. पातं हातातून सुटलं तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या, चपला घालून तर हे काम नकोच.

बेव्हलर दगडावर अजिबात नेऊ नका, खोबणीचा आकार जातो. मेणाच्या जाड दोऱ्याला हिरवं पॉलिश फासा, दोरा व्हाइसला बांधून ताणा आणि खोबणी त्यावरून मागे ओढा. फारच बोथट असेल तर खोबणीत बसेल अशा तारेवर २००० चा पेपर गुंडाळून आधी घासा. खालची बाजू पॉलिशच्या पट्टीवर दोन-चार हात, बस. आरीचंही (भोकं पाडायच्या टोच्याचं) टोकापेक्षा अंग पॉलिश करा, ती चामड्यात जाते सहज, अडते बाहेर येताना.

एक राहिलं. तुम्ही कोल्हापुरीचं चामडं वापरता असं लिहिलंय, ते हिरडा-बाभळीवर कमावलेलं असतं. धार लावल्यावर पातं आणि हात नीट धुऊन पुसा, कारण लोखंडाचा कीस ओल्या चामड्यावर पडला की टॅनिनशी मिळून काळे-निळे डाग पडतात, जुन्या शाईसारखे. पडलेच तर पातळ लिंबाचा रस लावून बघा, आधी कोपऱ्यावर, फिकट होतात बऱ्याचदा. धार लावायची जागा आणि कापायचं टेबल वेगळंच ठेवा.

धार अंगठ्यावर तपासू नका, उजेडात धरा, पांढरी रेघ चमकली तिथे बोथट आहे. निळा भाग किती आत गेलाय त्याचा जवळून फोटो टाका, किती मागे घासायचं ते सांगतो.