एप्रिलचे पहिले बारा दिवस कुठे गेले?

पत्र : सर, मी चोपडा तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगी जळगावला बीसीए करते, आता तिसऱ्या वर्षाला जाईल. माझा पुतण्या केळी कापणीची टोळी चालवतो. त्याच्या मजुरांच्या हिशेबासाठी मुलीने मार्चमध्ये दोन दिवसांत प्रोग्रॅम करून दिला. गावभर कौतुक झालं. एप्रिलअखेर मात्र हिशेब जुळेना, मजूर वही घेऊन दारात आले. मुलीला विचारलं तर म्हणते, कोड एआयने लिहिला होता, चूक कुठे आहे ते मला सापडत नाही. पुण्यात कंपनीत असलेला माझा भाचा म्हणतो, आता कोडिंग शिकून काही उपयोग नाही, सगळं एआयच करणार. मग मी फी कशाची भरतोय? तिची लाइन बदलावी का? आणि त्या एआयवर भरवसा ठेवायचा तरी किती? (एक पालक, ता. चोपडा)

उत्तर :

भाऊ, पत्रासोबत वहीच्या पानांचे फोटो आणि मुलीची कोडची फाइल जोडलीत हे फार बरं केलं. एरवी पालकांची पत्रं नुसती काळजीने भरलेली असतात आणि मलाही मग मोघम बोलून वेळ मारून न्यावी लागते. या वेळी हातात पुरावा आहे. म्हणून आधी चूक दाखवतो, भाच्याकडे नंतर वळू.

पुतण्याच्या वहीत तारीख आपण सगळे लिहितो तशीच लिहिली आहे, आधी दिवस आणि मग महिना. ५ एप्रिलची गाडी म्हणजे ०५/०४. मुलीच्या कोडमध्ये तारीख वाचायला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं एक तयार साधन वापरलंय आणि ते साधन, वेगळं काही सांगितलं नाही तर, अमेरिकन पद्धतीने आधी महिना धरतं. त्यामुळे ५ एप्रिलची गाडी ४ मे रोजी जमा झाली. १० एप्रिलची तर थेट ४ ऑक्टोबरला. एप्रिलचे पहिले बारा दिवस असे बारा महिन्यांत विखुरले, चार तारीख तेवढी जागेवर राहिली. तेरा तारखेपासून पुढे सगळं ठीक, कारण तेरावा महिना नसतो. तिथे ते साधन गुपचूप उलटून वाचतं, तक्रार करत नाही.

आता गंमत बघा. प्रोग्रॅम सुरू झाला १५ मार्चला. मार्चच्या उरलेल्या सगळ्या तारखा तेराच्या पुढच्या, म्हणून मार्चचा हिशेब चोख आला आणि सगळ्यांचा विश्वास बसला. शिवाय एकूण क्विंटल आणि एकूण मजुरी कायम जुळतच होती, कारण गाडी हरवली नव्हती, नुसती दुसऱ्या महिन्यात जाऊन बसली होती. उचल वजा करून महिन्याचा हिशेब चुकता करायची वेळ आली तेव्हाच ते बाहेर पडलं. दुरुस्ती एका शब्दाची आहे. तो शब्द मी इथे मुद्दाम लिहीत नाही, तिला शोधू दे.

यात एआयची चूक किती? त्याने लिहिलेला कोड चालतो. अमेरिकेतल्या दुकानदाराने मागितला असता तर हाच कोड बरोबर ठरला असता. चोपड्याच्या वहीत दिवस आधी येतो हे मुलीने सांगितलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. मुकादमाने पहिल्या दिवशी विचारलं असतं, ‘तारीख कशी टाकता?’ एवढा एक प्रश्न विचारायची अक्कल हीच या धंद्यातली मोठी कमाई आहे आणि ती अजून माणसाकडेच शोधावी लागते.

तुम्ही केळी विकता तेव्हा व्यापाऱ्याच्या काट्यावर किती भरवसा ठेवता? ठेवताच, रोज भांडायला कोणाला वेळ आहे? पण मन मानत नसेल तर गाडी दुसऱ्या भुईकाट्यावर नेऊन बघता. दुसरा काटा जवळ असेल तर भरवसा टाकायला हरकत नसते. एआयच्या बाबतीत मी मुलांना एवढंच विचारतो की तुझा दुसरा काटा कुठे आहे? तुमच्या मुलीकडे तो होता. वहीतल्या एप्रिलच्या पाचच गाड्या घेऊन बोटांवर हिशेब केला असता तर पंधरा मिनिटांत हे पकडता आलं असतं.

तुम्ही स्वतः एक प्रयोग करा. चॅटबॉटला, म्हणजे गप्पा मारणाऱ्या एआयला, अहिराणीत लिहा, ‘काय करी राहिना?’ आणि त्याला अहिराणीतच बोलायला सांगा. मी केलं तेव्हा उत्तर आलं ते निम्मं हिंदी, थोडं गुजरातीच्या वळणाचं आणि मध्ये मध्ये ‘शे’ पेरलेलं. माझी आई हसून हसून दमली. अहिराणीचा लिखित मजकूर फार थोडा, त्यामुळे या यंत्राला शिकायला मिळालंय तेही थोडं. तरी ते ‘मला नीट येत नाही’ असं म्हणालं नाही, ठसक्यात बोलत राहिलं. अहिराणी आपली म्हणून आपल्याला चूक ऐकताक्षणी कळते. पायथन शिकणाऱ्या पोरीला तसंच चुकलेलं पायथन दिलं तर ती हसत नाही, मान डोलावते. ठसका दोन्हीकडे सारखाच असतो.

हे असं का होतं, तेही थोडक्यात सांगतो. चॅटबॉट म्हणजे उत्तरांचं कपाट नव्हे. अफाट मजकूर वाचून, या शब्दांपुढे कोणते शब्द येणं जुळतं याचा अंदाज तो बांधतो. कोडच्या बाबतीत हा अंदाज पुष्कळदा अचूक निघतो, कारण तोच तो कोड जगात लाखो ठिकाणी लिहिलेला आहे. पुतण्याच्या वहीसारखी वही मात्र त्याने पाहिलेली नसते.

चॅटजीपीटी हा चॅटबॉट ३० नोव्हेंबर २०२२ला आला आणि आठवडा उलटायच्या आत ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी त्याची उत्तरं टाकायला बंदी घालावी लागली. कारण हेच होतं, उत्तरं दिसायला छान आणि बरीचशी चुकीची. पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथलेच ५१७ प्रश्न चॅटजीपीटीला घालून पाहिले. २०२४ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात ५२ टक्के उत्तरांत काही ना काही चुकीचं होतं. मला त्याहून जास्त बोचला तो दुसरा आकडा. उत्तरं तपासायला बसवलेल्या प्रोग्रॅमरांच्या नजरेतून ३९ टक्के वेळा ती चूक निसटली. आजची यंत्रं तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारली आहेत, त्या ५२ला धरून बसू नका. पण चुका कमी झाल्या की माणूस तपासायचंच सोडतो, हे मी माझ्यावरून सांगतो.

२०२४च्या प्रवेशांच्या धामधुमीत धुळ्याच्या एका मुलीच्या वडिलांनी मला इंजिनिअरिंगच्या फीबद्दल विचारलं. पाच पालक रांगेत होते, मी चॅटबॉटला विचारून मोकळा झालो. तो म्हणाला, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर निम्मी फी माफ. मीही तेच सांगितलं. पण त्याच जुलैत राज्य शासनाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी माफ केली होती. यंत्राला जुना नियम ठाऊक होता. ते वडील निम्म्या फीसाठी बैल विकायच्या बेतात होते. कॉलेजच्या कारकुनाने त्यांना खरं सांगितलं म्हणून निभावलं. चूक यंत्राची म्हणायची मला लाज वाटते. शासन निर्णय वाचणं हे माझं काम होतं.

तेव्हापासून फी, तारखा, शिष्यवृत्ती, कायदा, कर्ज यांचं उत्तर मी यंत्राकडून घेत नाही, फार तर काय विचारायचं त्याची यादी घेतो. तुमच्याकडे हीच गोष्ट फवारणीच्या औषधाची. मात्रा चॅटबॉटला विचारू नका. बाटलीवरचं लेबल आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, पालला आणि ममुराबादला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथला माणूस चुकला तर उद्या पुन्हा त्याच्यासमोर जाऊन उभं राहता येतं.

कोडमध्ये आणखी एक खड्डा आहे, तो मुलीला जरूर वाचून दाखवा. एआय कधी कधी नसलेलीच पॅकेजं सुचवतो. म्हणजे ‘अमुक नावाचं तयार साधन घ्या’ म्हणतो आणि त्या नावाचं जगात काही नसतं. एका अभ्यासात एआयच्या १६ मॉडेलांकडून, म्हणजे वेगवेगळ्या एआय यंत्रांकडून, ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेतले, त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळपास पाचवा हिस्सा अस्तित्वातच नव्हता. पैसे मोजून वापरायच्या मॉडेलांत हे प्रमाण बरंच कमी होतं, पण होतं. भामट्यांना हे कळलंय. असं नाव हेरून त्या नावाने ते स्वतःच काहीतरी घातक चढवून ठेवू शकतात आणि आपली पोरं विश्वासाने ते उतरवून घेतात. इन्स्टॉल करण्याआधी ते पॅकेज कोणी लिहिलं, कधीपासून आहे, किती लोक वापरतात हे बघायला पाच मिनिटं लागतात. आणि हो, फाइलमध्ये मजुरांची बँक खाती आणि आधार क्रमांक दिसले. ते चॅटबॉटमध्ये चिकटवले असतील तर यापुढे नको. नमुन्याला खोटी नावं, खोटे आकडे पुरतात.

आता तुमचा भाचा. तो अगदीच चुकीचं बोलत नाही, म्हणूनच त्याचं म्हणणं घातक आहे. सांगितलेला कोड नुसता टाइप करून देणाऱ्याचं काम आटत चाललंय. ‘मला जावा येतं’ एवढ्यावर नोकरी मिळेल अशी आशा मी कोणाला दाखवत नाही. पण एआयने सगळं झटपट होतं हेही तपासून घ्यावं असं आहे. २०२५मध्ये मेटर नावाच्या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना, त्यांच्या स्वतःच्या ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. काही एआय घेऊन, काही एआयविना. एआय घेऊन केलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावरही त्या मंडळींना वाटत होतं की आपण २० टक्के लवकर उरकलं! सोळा माणसांवरून जगाचा निवाडा करू नये, नवी साधनं वेगळीही निघतील. मला त्यात तुमच्या घरचीच गोष्ट दिसली. प्रोग्रॅम दोन दिवसांत झाला म्हणता, पण एप्रिलपासून त्याच्यामागे गेलेले दिवस कोणी मोजले का?

तेव्हा लाइन बदलू नका. मुलीने घरच्या माणसाची खरी अडचण ओळखून त्यावर काहीतरी बनवलं, हे वर्गातल्या पन्नासांतले चार जण करतात. तिच्यात कमी आहे ती तपासायच्या सवयीची आणि त्यासाठी लागणाऱ्या पायाची. एआयवर बंदी घालायचा विचार असेल तर तोही सोडा. हॉस्टेलवर ती वापरणारच आणि तुमच्यापासून लपवून वापरेल.

उलट, सुट्टीत ती घरी आहे तर तिला हाच प्रोग्रॅम एआयशिवाय दुरुस्त करायला लावा. आठ दिवस लागले तरी चालतील. वहीतल्या तारखा आणि पडद्यावरच्या तारखा शेजारीशेजारी मांडल्या की चूक तिला आपोआप दिसेल. मग तिने एआय उघडावा आणि स्वतःच्याच कोडची एकेक ओळ त्याच्याकडून समजावून घ्यावी, मराठीत विचारलं तरी चालतं. या कामाला तो उत्तम मास्तर आहे, रात्री दोन वाजताही कंटाळत नाही. एररचा अर्थ लावणं, विसरलेली रचना आठवून देणं, मुलाखतीचा सराव, इंग्रजी पत्र सुधारणं, यात तो चुकला तरी फार बिघडत नाही आणि चूक लगेच कळते. इथे त्याला मोकळेपणाने वापरावं.

पुढचं वर्षभर मात्र एक शिस्त. कोड मागण्याआधी उत्तर माहीत असलेली चार उदाहरणं तिने कागदावर लिहावीत. समजा, एकरी रोपांचा हिशेब करणारा कोड हवाय. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ रोपं बसतात, हे तुम्ही झोपेतही सांगाल. कोडने तेच सांगितलं पाहिजे. मग अंतर शून्य टाकून बघावं, अंतराच्या जागी नाव टाकून बघावं, एक जागा रिकामी सोडून बघावी. कंपन्यांत याला टेस्टिंग म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. मुलाखतीत समोरचा विचारतो, ‘ही ओळ का लिहिली?’ तिथे फोन काढता येत नाही. ‘माझ्या प्रोग्रॅमने एप्रिलचे बारा दिवस कसे उधळले आणि मी ते कसे पकडले’ ही गोष्ट तिने तिथे सांगावी. गुणपत्रिकेपेक्षा ती जास्त काळ लक्षात राहील.

दुरुस्ती झाली की एखाद्या रविवारी दोघं जळगावला या. येताना एप्रिलची वही आणि कोडची छापील प्रत आणा. तिने मला कागदावर बोट ठेवून समजावलं तर तिसऱ्या वर्षाच्या फीचा प्रश्न तुम्ही पुन्हा विचारणार नाही, असा माझा अंदाज आहे. तोवर पुतण्याला सांगा, एप्रिल आणि मेचा हिशेब वहीवरूनच करून मजुरांचे पैसे देऊन टाक. ते प्रोग्रॅमसाठी थांबवू नकोस.