इंग्लंडमध्ये राहून जपानहून फॅक्टरीत बनलेली कॅम्परव्हॅन मागवावी का?

तुम्ही विचारलंय की मिल्टन कीन्सला राहता, मुलं ६ आणि ९ वर्षांची आहेत, नवी कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, परवडत नाही, तर जपानहून माझदा बोंगो मागवावी का, आणि पुढे कायमचे पुण्याला परतलात तर ती सोबत नेता येईल का. आमच्याकडे २००२ ची डिझेल बोंगो आहे, २०१५ साली आम्ही नॉटिंगहॅमला मागवली आणि अजून तीच वापरतोय, त्यामुळे जे स्वतः केलंय तेच सांगतो.

पुण्याचं आधी संपवून टाकू. भारतात परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती बनवल्यापासून ३ वर्षांच्या आतली लागते, आणि बोंगो फ्रेंडी, जिला इथे नुसतं बोंगो म्हणतात ती, बनायचीच बंद झाली २००५ मध्ये. ड्युटी किती वगैरे पुढचे प्रश्न, पण तिथपर्यंत गोष्ट जातच नाही. जायची वेळ आली की इथेच विका, गिऱ्हाईक मिळतं.

आता इथलं. माझं म्हणणं एवढंच आहे की कागदपत्रांना घाबरू नका, घाबरायचंच असेल तर कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला, आणि गंजाला घाबरा. लोक उलटं करतात, महिनाभर फॉर्म वाचत बसतात आणि गाडीच्या खाली वाकून बघत नाहीत.

बोंगो म्हणजे नक्की काय ते जरा नीट समजून घ्या कारण फॅक्टरीमेड म्हटलं की लोकांना वाटतं आत सगळं किचन असेल. हिरोशिमाच्या माझदाने १९९५ ते २००५ ही गाडी बनवली, तीच गाडी फोर्ड फ्रेडा नावानेही जपानात विकली जायची, इंग्लंडमध्ये कंपनीने अधिकृतपणे कधीच विकली नाही, इथे दिसते ती प्रत्येक बोंगो कोणीतरी मागवलेली आहे. फॅक्टरीतून येतं ते छप्पर. ऑटो फ्री टॉप म्हणतात त्याला, बटण दाबलं की मोटरवर छप्पर वर जातं आणि वर दोन माणसांची झोपायची जागा तयार होते. खालच्या सीट सपाट केल्या की खाली आणखी दोघांची. म्हणजे छप्पर आणि पलंग कंपनीचे, ओटा मात्र बहुतेक गाड्यांत नसतो, तो इथे कोणाकडून तरी बसवून घेतात किंवा आमच्यासारखं एक गॅसची शेगडी आणि दोन डबे ठेवून भागवतात. तरी फॅक्टरीच्या छपराला मी इतकं महत्त्व का देतो, तर साध्या व्हॅनचं छप्पर करवतीने कापून वर पॉपटॉप बसवलेली गाडी घेतलीत तर ते कापकाम कोणी केलं, सील कसं केलं, यावर सगळं अवलंबून असतं, आणि इथल्या पावसात ते दुसऱ्याच वर्षी कळतं. आमचं छप्पर वीस वर्षांच्या वर झालं, एक थेंब आत आलेला नाही.

आणखी एक गोष्ट जपानी गाडीच्या बाजूची. तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे आणि सरकता दरवाजा डावीकडे, फुटपाथच्या बाजूला. युरोपातून लेफ्ट हँड ड्राइव्ह कॅम्पर आणली की दरवाजा रस्त्याच्या बाजूला उघडतो, दोन लहान मुलं असताना मला तरी ते नको वाटलं.

मागवायची पद्धत अशी, जपानात लिलाव होतात, एजंट तुमच्यासाठी बोली लावतो आणि आधी तुम्हाला ऑक्शन शीट पाठवतो. ही शीट वाचायला शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. वर एक ग्रेड असते आकड्यात, आर लिहिलं असेल तर गाडी अपघातातून दुरुस्त केलेली, आतल्या भागाला ए बी सी. खाली गाडीचं चित्र असतं आणि त्यावर जागोजागी खुणा, ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्र्याचं काम झालंय, आणि एस किंवा सी दिसलं की थांबायचं, तो गंज आहे. आम्ही पहिली पसंत केलेली गाडी दिसायला देखणी होती, ग्रेडही चांगली, पण मागच्या चाकाच्या कमानीपाशी एक बारीक एस होता. मी खालून फोटो मागितले, तर आतला पत्रा चहाच्या फडक्यासारखा तपकिरी. गाडी होक्काइदोची होती, उत्तरेला बर्फ पडतो, रस्त्यावर मीठ टाकतात. सोडून दिली आणि दोन महिने थांबून दक्षिणेकडची घेतली, त्या दोन महिन्यांचं आजही समाधान वाटतं.

खर्चाचा हिशोब करताना लोक गाडीची किंमत आणि बोटीचं भाडं धरतात आणि टॅक्स विसरतात. समजा गाडी आणि भाडं मिळून ४००० पौंड झाले, त्यावर १०% ड्युटी म्हणजे ४००, झाले ४४००, आणि व्हॅट या ४४०० वर २०%, म्हणजे ८८०, एकूण ५२८०. जपान आणि ब्रिटनच्या व्यापार करारात जपानी बनावटीच्या गाडीला ड्युटीत सवलत आहे पण त्याला मूळ देशाचा पुरावा लागतो आणि वीस वर्षं जुन्या गाडीला तो मिळवणं कठीण, एजंटला बोली लावायच्या आधी विचारा, नंतर नको. शिवाय बंदरावरचे पैसे, एजंटचं कमिशन, इथे आल्यावरचं काम. मी तर म्हणेन जेवढ्यात गाडी दारात येते त्याच्या एक तृतीयांश रक्कम वेगळी बाजूला ठेवा, पहिल्या वर्षात ती लागते.

बोट साउदॅम्प्टनला लागली की पुढचं पटापट सांगतो. गाडी आल्यापासून १४ दिवसांत एचएमआरसीला, म्हणजे कर खात्याला, त्यांच्या नोव्हा या ऑनलाइन सेवेवर कळवायचं, ही मुदत चुकवू नका. गाडी १० वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे आयव्हीए टेस्ट, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देण्याची तपासणी, लागत नाही, नेहमीची एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणी, पुरते. एमओटीच्या आधी मागे फॉग लाइट बसवून घ्यायचा, जपानी गाड्यांना सहसा नसतो, आणि स्पीडोमीटर किलोमीटरचा असतो तो मैलात करायचा. मग व्ही ५५/५ फॉर्म, जपानचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट आणि त्याचं भाषांतर, एमओटी आणि ५५ पौंड फी डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याला, पाठवायची. आमचं लॉगबुक, म्हणजे नोंदणीचा कागद, यायला पाच आठवडे लागले, एवढंच. रेडिओ बदलावा लागतो कारण या गाड्यांतला जपानी एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९० च्या आसपास संपतो, इथली बहुतेक स्टेशन लागतच नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा, लॉगबुकवर गाडीचा प्रकार मोटर कॅरव्हॅन असा लिहून मिळेल असं गृहीत धरू नका. २०१९ पासून डीव्हीएलए गाडी बाहेरून कॅम्परसारखी दिसते का ते बघतं आणि त्यांच्या यादीत उंच कायमचं छप्पर चालतं, वरखाली होणारं पॉपटॉप धरत नाहीत. त्याने वापरात काही फरक पडत नाही, फक्त इन्शुरन्स घेताना आयात गाडी, कॅम्पर म्हणून वापर, आत काय काय बसवलंय हे सगळं खरं खरं सांगा, आणि आयात गाड्यांचा इन्शुरन्स करणारेच गाठा.

आता कूलंट, ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो. बोंगोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, रेडिएटर पुढे आणि मागच्या प्रवाशांचा हीटर मागे, त्यामुळे कूलंटचे पाइप गाडीभर लांब फिरतात आणि वीस वर्षांत रबर जून होतं. कुठेतरी एक पाइप झिरपायला लागतो. आणि डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा विश्वास ठेवण्यासारखा नाही, तो बराच काळ मधोमध स्थिर दिसतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो, डिझेलचं सिलिंडर हेड तडकतं आणि गाडीच्या किमतीएवढं बिल येतं. म्हणून गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यात लो कूलंट अलार्म बसवून घ्या.

आमच्या अलार्मने आमची गाडी वाचवली. २०१७ चा ऑगस्ट, वेल्समध्ये ए ४७० वर डोल्गेलाउच्या अलीकडे चढ चालला होता, आई साताऱ्याहून आली होती, ती मागे मुलांना गोष्ट सांगत होती आणि एकदम बीप बीप सुरू झालं. काटा बघितला तर मधोमध, एकदम शांत. बायको म्हणाली सेन्सर बिघडला असेल, पुढच्या गावात बघू, पण मी रस्त्याकडेच्या पहिल्याच ले-बायला गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. अर्धा तास थांबून, थंड झाल्यावर पुढची सीट उचलली, तर एका पाइपच्या क्लिपपाशी हिरव्या थेंबांची माळ, हळूहळू एकेक थेंब खाली पडतोय, आणि टाकी तळाला गेलेली. ब्रेकडाउनवाल्याने तिथेच पाइपचा खराब तुकडा कापून पुन्हा जोडला. पुढचं गाव आठ मैलांवर होतं, तेवढं चाललो असतो तर इंजिन गेलं असतं. घरी आल्यावर मी सगळे पाइप एकदम बदलून टाकले, एकेक करत बसलो नाही, आणि तुम्हीही तेच करा. बदलल्यावर सिस्टिममधली हवा नीट काढावी लागते, त्याची ठरलेली पद्धत आहे, बोंगो माहीत असलेल्या गॅरेजलाच द्या. आमच्या पहिल्या गॅरेजने हवा तशीच ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी परत हीटर थंड. सुदैवाने अडीच लिटरचं हेच डिझेल इंजिन इथे विकल्या गेलेल्या माझदा आणि फोर्डच्या पिकअपमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचे पार्ट मिळायला त्रास नाही.

गंजाचं सांगायचं तर जपानहून गाडी खालून उघडी येते आणि इथे नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर मीठच मीठ. पहिल्या हिवाळ्याच्या आधी अंडरसील करा, म्हणजे खालच्या पत्र्याला गंजरोधक थर द्या, कमानीच्या आतून आणि दाराखालच्या पट्टीच्या, म्हणजे सिलच्या, पोकळीतही. इथे पंधरा वर्षं फिरलेली आणि कधीच अंडरसील न झालेली बोंगो स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

डिझेल घ्यायची का पेट्रोल हे तुम्ही लंडनला किती जाता यावर आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणारा विभाग, सगळ्या लंडनभर आहे आणि जुन्या डिझेलला दिवसाचे साडेबारा पौंड पडतात. दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणजे रात्री उशिरा घरी निघालात तर दोन दिवसांचे. बर्मिंगहॅमला ८ पौंड. आम्ही डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला दरवर्षी बोंगोने जायचो, आता ट्रेनने जातो आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मुलांना गाडीत झोपून परत यायचंच आकर्षण होतं. मिल्टन कीन्सहून लंडनला तुमचं वरचेवर जाणं असणार, तर पेट्रोलची बघा, पण तीही आपोआप पास होत नाही, त्या ठरावीक गाडीचा नंबर तपासा किंवा उत्सर्जनाचा कागद मागा. पेट्रोलची घेतलीत तर साध्या ई १० ऐवजी, म्हणजे १०% पर्यंत इथेनॉल असलेल्या पेट्रोलऐवजी, ई ५ भरा. आणि छप्पर खाली असतानाही उंची साधारण २.१ मीटर आहे, शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये शिरण्याआधी वरची पाटी वाचा.

राहण्याबद्दल थोडं. रात्री चौघांच्या श्वासाने काचा सकाळी थबथबलेल्या असतात, खिडकी बोटभर उघडी ठेवा. छपराचं कापड ओलं असताना बंद करावं लागलं तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी परत उघडून वाळवा, एकदा आम्ही तीन दिवस तसंच ठेवलं आणि कोपऱ्यात काळी बुरशी आली ती अजून पूर्ण गेली नाही. स्वयंपाक बाहेर किंवा दार सताड उघडं ठेवून, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत हवाच, यात तडजोड नको. कुठेही रस्त्याकडेला मुक्काम करता येत नाही, इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी लागते आणि स्कॉटलंडमध्ये जो कुठेही तंबू ठोकायचा हक्क आहे तो मोटारगाड्यांना लागू नाही.

आणि हे सगळं केल्यावर मिळतं काय, तर केसिकजवळच्या एका कॅम्पसाइटवर सकाळी सहाला पाऊस थांबला होता, आई दार सरकवून शेगडीवर पोहे परतत होती, मोहरीचा वास शेजारच्या तंबूपर्यंत गेला, आणि वरून दोन डोकी खाली लोंबकळत विचारत होती की आजी शेंगदाणे घातलेस का. त्यानंतर आई जेव्हा जेव्हा फोन करते तेव्हा आधी गाडीची चौकशी करते.

तुम्हाला थांबायचं नसेल तर इथे आधीच आलेली, चांगली सांभाळलेली बोंगो शोधा, लिलावापेक्षा थोडे जास्त पैसे गेले तरी हात लावून बघता येतं आणि मुलांना वर चढवून दोघं मावतात का तेही कळतं. बघायला जाताना आदल्या दिवशी मालकाला सांगा की इंजिन थंड असतानाच बघायचंय, आणि पोचल्यावर सगळ्यात आधी सीट उचलून इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर ती गाडी त्या दिवशी बघू नका.