मावशीकडे राहून नाशिकची दुकानं

मावशीकडे राहायला चाललायस, तर पहिल्याच संध्याकाळी दुकानांची यादी काढून बसू नकोस. हा भेटायला आलाय की खरेदीला, असं घरच्यांना वाटतं. सकाळी सगळे कामाला गेले की जुन्या नाशकात निघ. गाडी घरीच ठेव, रविवार कारंज्याच्या पुढे पायीच बरं. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, त्या दिवशी तर विचारूच नकोस.

भांडी बाजारात मात्र मावशीला सोबत घेच. पितळ-तांबं वजनावर मिळतं. पातेलं हातात घेऊन उजेडात धर, बूड सपाट आहे का, कडेला चीर नाही ना, ते बघ. आत आमटी-कढी करायची असेल तर कल्हई हवीच, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. भाव मावशी करेल, तू गप्प उभा राहा.

चिवडा शेवटच्या दिवशी घे (आधी आणलास तर रात्रीच संपतो) आणि एक पुडा मावशीकडेही ठेव. पैठणीसाठी येवल्याला जायचं असेल तर वेगळा दिवस काढ. सुमारे ८० किलोमीटर आहे, आणि साड्या बघताना वेळ कसा जातो ते मावशीलाच विचार.