साधा यूपीएस लिनक्सवर 'नट'ला दिसत नाही, काय करावं?

'नट' (नेटवर्क यूपीएस टूल्स) म्हणजे यूपीएसवर लक्ष ठेवून मशीन वेळेत बंद करणारं सॉफ्टवेअर. तुम्ही लिहिलंय की एलएसयूएसबीच्या (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) यादीत ०६६५:५१६१ दिसतं, पण नटचा यूएसबीहिड-यूपीएस ड्रायव्हर सुरूच होत नाही. होणारही नाही. तो नंबर आतल्या यूएसबी चिपचा आहे, आणि हीच चिप कितीतरी स्वस्त यूपीएसमध्ये असते, डब्यावर नाव काहीही छापलेलं असो. तिला नटडीआरव्ही_क्यूएक्स हा ड्रायव्हर लागतो. यूपीएस.कॉन्फ या नटच्या सेटिंग फाइलमध्ये तो लिहा आणि पोर्ट 'ऑटो' ठेवा.

तरीही परवानगीची कुरकुर आली तर यूएसबी केबल एकदा काढून परत लावा. पॅकेज टाकताना केबल आधीपासून जोडलेली असेल तर यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना परवानग्या देणारी यंत्रणा) नियम तिला लागलेलाच नसतो. आणि नट.कॉन्फ ही दुसरी सेटिंग फाइल उघडून बघा. डेबियनवर तिथे मोड 'नन' असतो, म्हणजे सगळं बरोबर लिहूनही काहीच चालू होत नाही. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय. तिथे 'स्टँडअलोन' करा.

यूपीएससी कमांडने यूपीएसचे आकडे दिसायला लागले की लोक खूश होऊन थांबतात. मीही थांबलो होतो. पावसाळ्यात एकदा लाईट गेली, यूपीएस टीटी करत राहिला, आणि त्याने 'बॅटरी लो' सांगितलं ते मरायच्या काही सेकंद आधी. मशीन शटडाउनच्या अर्ध्यात बंद पडलं, डेटाबेस दुरुस्त करत बसलो.

कारण असं की हे स्वस्त यूपीएस बॅटरी किती टक्के उरलीय ते सांगतच नाहीत. सांगतात फक्त व्होल्टेज. टक्के नट अंदाजाने काढतं. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज लोड पडला की लगेच खाली येतं, मग हळूहळू उतरतं आणि शेवटी एकदम कोसळतं. बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर ते कोसळणं आणखी लवकर. त्यामुळे टक्क्यांवर भरवसा ठेवूच नका, घड्याळावर ठेवा. यूपीएसशेड हा नटचा टायमर वापरून 'ऑनबॅट' (लाईट गेली, बॅटरीवर आलो) आल्यावर १८० सेकंदांचा टायमर लावा, 'ऑनलाइन' (लाईट परत आली) आलं तर तो रद्द करा, आणि टायमर संपला की यूपीएसमॉनला, म्हणजे मशीन बंद करणाऱ्या नटच्या भागाला, एफएसडी (सक्तीने शटडाउन) द्यायला सांगा. त्या तीन मिनिटांत लाईट आली तर मशीनला पत्ताही लागत नाही.

तीन मिनिटं हा माझा आकडा. तुमचा काढायचा तर नेहमीइतका लोड लावून प्लग काढा आणि यूपीएस किती वेळ तग धरतो ते मोजा. हे करताना सर्व्हर त्या यूपीएसवर नको, तेवढ्याच वॅटचा बल्ब लावा. जो वेळ येईल त्याच्या निम्म्याच्या आत शटडाउन संपायला हवं.

दुसरा संगणक किंवा नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेज डबा) त्याच यूपीएसवर असेल तर तो ३४९३ पोर्टवरून याच सर्व्हरला विचारू शकतो. फक्त राउटरसुद्धा यूपीएसवर घ्या, नाहीतर निरोप पोचणार कसा? जुन्या लेखांत या दोन मशीनसाठी 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' दिसेल, नटच्या २.८.० पासून ते 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' झालंय.

लाईट परत आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं असं वाटत असेल तर बायोसमध्ये वीज आल्यावर सुरू व्हायचा पर्याय चालू करा. शटडाउन चालू असतानाच लाईट आली तर मात्र मशीन बंदच राहतं, कारण त्याच्या लेखी वीज कधी गेलीच नाही. म्हणून यूपीएसमॉनच्या सेटिंगमधला पॉवरडाउनफ्लॅग नीट लावा: शेवटी नट यूपीएसलाच आउटपुट तोडून परत द्यायला सांगतं. माझा ते ऐकतो. तुमचा ऐकतो का, तेही बल्ब लावूनच बघा.