कोट्यवधींचा निधी असताना विद्यापीठाला तूट कशी?

देणगी, विश्वस्त संस्था आणि त्यांचे हिशेब यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरातून उत्तरे दिली जातात. या वेळी आलेली चार पत्रे कॅथलिक विद्यापीठांच्या आर्थिक अडचणीसंबंधी आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील एका कॅथलिक विद्यापीठात शिकली आणि आता तिथेच नोकरी करते. यंदाचे वर्ष कठीण असून काही पदे कमी करावी लागली आहेत, तरी माजी विद्यार्थ्यांनी हातभार लावावा, असे विद्यापीठाचे पत्र तिला आले आहे. सोबतच्या वार्षिक अहवालात मात्र कित्येक कोटी डॉलरचा कायम निधी दाखवला आहे. मी आयुष्यभर बँकेत काम केले. घरात ठेव असताना कोणी दारोदार हात पसरत नाही, असे माझे मत आहे. मुलीला काय सल्ला द्यावा? (एक वाचक, वडगाव शेरी)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु कायम निधी, ज्याला आपल्याकडचे विश्वस्त आणि सीए कॉर्पस म्हणतात, ती एकसंध ठेव नसते. शेकडो देणगीदारांनी शंभर-सव्वाशे वर्षांत वेगवेगळ्या अटींवर दिलेल्या रकमा तिथे एका शीर्षाखाली दिसतात. कोणी तत्त्वज्ञानाच्या अध्यासनासाठी दिलेले असते, कोणी ग्रंथालयासाठी, कोणी आईच्या नावाने ठेवलेल्या शिष्यवृत्तीसाठी. बहुतेक रकमांच्या मुद्दलाला हात लावता येत नाही, आणि व्याज-लाभांशही देणगीदाराने सांगितलेल्या कामाबाहेर वळवता येत नाही. अमेरिकेतील विद्यापीठे अशा निधीतून वर्षाला साधारण ४ ते ५ टक्के रक्कम खर्चासाठी काढतात. म्हणजे १०० कोटी डॉलरच्या निधीतून वर्षाला ४-५ कोटी हाती येतात, आणि त्यांतला मोठा हिस्सा अध्यासने व शिष्यवृत्त्यांना बांधलेला असतो. प्रयोगशाळेतील मदतनीसाचा पगार किंवा हिवाळ्यातील इंधनाचे बिल त्यातून भागत नाही.

हा रोजचा खर्च मुख्यतः शुल्कातून चालतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत जन्मदर घसरला. त्या काळातील मुले आता महाविद्यालयाच्या वयाला येत असल्याने अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची संख्या कमी होऊ लागली आहे. विद्यार्थी मिळवण्यासाठी खासगी विद्यापीठे इतकी सवलत देतात की पहिल्या वर्षाच्या जाहीर शुल्काचा निम्म्याहून अधिक भाग शिष्यवृत्तीच्या रूपाने परत जातो. शंभर विद्यार्थी कमी आले तर शंभरांचे शुल्क जाते, पण इमारती, प्राध्यापक आणि कर्जाचे हप्ते तेवढेच राहतात. वॉशिंग्टनच्या 'कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका'ने २०२४ च्या अखेरीस सुमारे ३ कोटी डॉलरची तूट जाहीर केली, आणि ती एका वर्षापुरती नसून उत्पन्न-खर्चाच्या रचनेतच असल्याचे सांगितले.

कॅथलिक संस्थांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कित्येक दशके या विद्यापीठांत धर्मगुरू, धर्मबंधू आणि धर्मभगिनी शिकवत असत. त्यांचा पगार नाममात्र असे किंवा तो त्यांच्या संघामार्फत संस्थेलाच परत मिळे. त्या काळी अमेरिकेतील कॅथलिक महाविद्यालये या सेवेला 'जिवंत निधी' म्हणत, आणि महाविद्यालयाला मान्यता देताना काही ठिकाणी ती पैशातील निधीच्या बरोबरीने धरली जाई. पुण्याला ही कल्पना परकी नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य, ज्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते, महिना ७५ रुपयांवर २० वर्षे शिकवण्याची प्रतिज्ञा करीत, आणि फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले ते जितके संस्थानिकांच्या देणग्यांवर तितकेच या प्रतिज्ञेवर. १९६० च्या दशकानंतर पाश्चात्त्य देशांत धर्मसंघांत येणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली, आणि त्यांच्या जागी बाजारभावाने पगार घेणारे प्राध्यापक नेमावे लागले. त्यांचे वेतन योग्यच आहे. पण जो निधी कधी ताळेबंदात लिहिलाच नव्हता तो आटल्यावर त्याची जागा भरून काढणे अनेक संस्थांना आजही जमलेले नाही.

मुलीला माझा सल्ला असा की, देणगी द्यावी, पण आधी विद्यापीठाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : एकूण निधीपैकी बिनशर्त किती आहे, तूट किती वर्षांपासून आहे, आणि गेल्या दहा वर्षांत इमारतींसाठी किती कर्ज काढले. विद्यार्थी घटत असताना नव्या इमारती बांधणाऱ्या व्यवस्थापनाला मी स्वतः इमारतीसाठी एक पैसाही देणार नाही. उत्तरे सरळ आली तर देणगीच्या फॉर्मवर इमारत, क्रीडा, अध्यासन हे रकाने सोडून 'जिथे सर्वाधिक गरज आहे तिथे' अशा अर्थाचा जो रकाना बहुधा अगदी शेवटी असतो, तिथे खूण करावी. कठीण वर्षात संस्थेला खरा आधार त्या रकान्यातून मिळतो. भिंतीवर नाव लागण्याची हौस असलेले देणगीदार तो सहसा रिकामा सोडतात, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये वर्षातून काही रविवारी मिस्साच्या वेळी एखाद्या संस्थेसाठी वेगळे कलेक्शन होते. परदेशांत विद्यापीठांसाठीही असे कलेक्शन होते, असे ऐकले. दहा-वीस रुपयांच्या नाण्यानोटांवर विद्यापीठ कसे चालेल? त्यापेक्षा दोन-चार मोठे देणगीदार का गाठत नाहीत? (एक वाचक, कॅम्प)

उत्तर : मोठे देणगीदार हवेतच, पण त्यांच्यावरच विसंबलेल्या विद्यापीठावर काय प्रसंग येतो हे पाहायचे असेल, तर वर उल्लेख केलेल्या वॉशिंग्टनच्या विद्यापीठाचा १९०४ चा इतिहास पाहावा.

१८८४ मध्ये मेरी ग्वेंडोलिन काल्डवेल या तरुण वारसदार स्त्रीने अमेरिकेतील बिशपांना विद्यापीठासाठी ३ लाख डॉलर देऊ केले. पोप तेरावे लिओ यांनी १८८७ मध्ये मान्यता दिली आणि १८८९ मध्ये वर्ग सुरू झाले. (याच पोपनी १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे जी सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था, स्थापली, ती १९५५ मध्ये पुण्यात नगर रस्त्यावर आली, आजचे ज्ञानदीप विद्यापीठ त्याच परंपरेतले आहे.) वॉशिंग्टनच्या विद्यापीठाचे खजिनदार थॉमस वॅगमन हे त्या शहरातील जमीनजुमल्याचे मोठे व्यापारी होते. विद्यापीठाचा जवळजवळ सगळा निधी त्यांच्याच हाती गुंतवलेला होता, म्हणजे पैसा सांभाळणारा आणि पैसा वापरणारा एकच होता. १९०४ मध्ये वॅगमन दिवाळखोरीत गेले आणि विद्यापीठाचे सुमारे पावणेनऊ लाख डॉलर अडकले. त्याच वर्षी काल्डवेल यांनीही आपण कॅथलिक धर्म सोडल्याचे जाहीर केले. त्यांची देणगी पूर्वीच संस्थेची झालेली असल्याने ती परत जाण्याचा प्रश्न नव्हता, पण संस्थेच्या नावाला किती धक्का बसला असेल याची कल्पना करता येते.

अशा वेळी विद्यापीठाचे कुलपती, बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स, यांनी बिशपांकडे आणि धनिकांकडे मदतीची याचना केली. पण दरवर्षी हमखास येणारा पैसा म्हणजे देशभरातील चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी होणारे विद्यापीठासाठीचे कलेक्शन होते; त्याला पोप दहावे पायस यांनी आदल्याच वर्षी, १९०३ मध्ये, संमती दिली होती. ते कलेक्शन आजही चालू आहे. नाईट्स ऑफ कोलंबस या सर्वसामान्य कॅथलिक गृहस्थांच्या बंधुसंघटनेने सभासदांच्या वर्गणीतून १९०४ मध्ये ५० हजार आणि १९१४ मध्ये ५ लाख डॉलर दिले. इटलीतही तेच दिसते. मिलानचे कॅथलिक विद्यापीठ फ्रान्सिस्कन धर्मगुरू अगोस्तिनो जेमेल्ली आणि अर्मिदा बारेल्ली यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये उघडले, आणि १९२४ पासून तिथल्या चर्चमध्ये वर्षातील एक दिवस या विद्यापीठासाठी पाळला जातो. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या लोकांनी शिक्षणासाठी आपल्या मिळकतीतून काढून दिलेला पैसा म्हणून मला त्याचे मोल फार वाटते.

आपल्या शहरात महर्षी कर्व्यांनी दोन्ही वाटा चोखाळल्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि महिला विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. तरीही कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी घरोघरून जमतच राहिला. थोडे थोडे देणारे हजारो लोक एकाच वर्षी एकदम पाठ फिरवीत नाहीत, आणि त्यांच्या पैशाला अट नसते, म्हणून तो पगाराला चालतो.

वॅगमन प्रकरणासारखा प्रसंग आपल्याकडे येऊ नये म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ ने विश्वस्तांच्या हाती मोकळीक फार कमी ठेवली आहे : संस्थेची शिल्लक रक्कम मान्यताप्राप्त बँका, टपाल बचत, सरकारी रोखे अशा ठरावीक ठिकाणीच ठेवता येते. अडचणीत सापडलेली संस्था जागा विकून मोकळी होऊ पाहील, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांना ही बंधने जाचक वाटतात आणि परवानगीला वेळ लागतो हे खरे. पण १९०४ चा प्रसंग वाचल्यावर मी या बंधनांच्या बाजूनेच बोलेन.

प्रश्न : कॅथलिक विद्यापीठाला तूट आली तर व्हॅटिकन ती का भरून काढत नाही? (एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ)

उत्तर : कारण व्हॅटिकन हे विद्यापीठांचे मुख्य कार्यालय नाही. बहुतेक ठिकाणी विद्यापीठ त्या त्या देशाच्या कायद्याखाली स्वतंत्र संस्था असते. कुठे ते धर्मप्रांताचे असते, कुठे जेझुइट किंवा फ्रान्सिस्कनांसारख्या संघाचे. पोपची मान्यता पदवीला आणि शिकवणीला असते, हिशेबाला नसते. व्हॅटिकनचा स्वतःचा अर्थसंकल्पही अनेक वर्षे तुटीत होता.

प्रश्न : मी कॅथलिक नाही, पण माझे सगळे शिक्षण पुण्यातील कॅथलिक संस्थांत झाले आणि त्यांचे ऋण मी मानते. त्यांपैकी एका उच्च शिक्षण संस्थेला निवृत्तीच्या पैशांतून काही द्यायचे आहे. माझा कॅनडाचा नागरिक असलेला भाऊही देणार आहे. आम्ही दोघांनी एकत्र धनादेश दिला तर चालेल का? कोणती कागदपत्रे मागावीत? (एक निवृत्त शिक्षिका, औंध)

उत्तर : एकत्र धनादेश देऊ नये. आपला भाऊ परदेशी नागरिक असल्यामुळे त्याची देणगी, ती रुपयांत दिली तरी, परकीय योगदान नियमन कायद्याखाली येते. संस्थेकडे त्या कायद्याची नोंदणी असावी लागते, आणि सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो. तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि त्यातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो. पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. शिकवणाऱ्यांचा पगार या प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट. ही दुरुस्ती आली तेव्हा करोनामुळे वर्ग बंद होते, शुल्क थकले होते आणि मदतीची गरज सर्वाधिक होती. परदेशी पैशावर नजर असावी हे मला मान्य आहे, पण मोठ्या संस्थेने लहान संस्थेला मदत पुढे पोहोचवण्याची वाट ऐन त्या वर्षी बंद करणे मला अजूनही योग्य वाटत नाही.

आपल्या स्वतःच्या देणगीबरोबर एक साधे पत्र जोडावे आणि त्यात ती कशासाठी आहे ते स्पष्ट लिहावे. 'कॉर्पससाठी' असे लिहिलेत तर रक्कम कायम निधीत जाईल आणि संस्थेला फक्त व्याज वापरता येईल. तसे काही न लिहिता 'संस्थेच्या सर्वसाधारण कार्यासाठी' म्हटलेत तर ती चालू उत्पन्नात धरली जाईल. करसवलत घेणाऱ्या विश्वस्त संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातील किमान ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते, त्यामुळे असा पैसा लवकर कामी येतो. संस्थेचे वर्ष अडचणीचे असेल तर दुसरा मजकूर लिहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कागदपत्रांत धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षकाच्या सहीचे गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रके मागावीत. ताळेबंद हाती आला की आधी डावीकडचे निधी पाहावेत, कोणता निधी कशासाठी राखून ठेवला आहे ते वाचावे, आणि मग उजवीकडे त्या निधींइतक्या ठेवी खरोखर बँकेत आहेत का ते जुळवावे. निधी मोठा आणि ठेवी कमी दिसल्या तर राखीव पैसा पगारात खर्च झालेला असण्याची शक्यता असते, आणि त्याबद्दल विश्वस्तांना थेट विचारावे. ते रागावले तर देणगी थांबवावी. माझा अनुभव असा की चांगले विश्वस्त अशा प्रश्नाने सुखावतात, कारण त्यांना तो क्वचितच कोणी विचारतो.

करवजावटीबाबत एवढेच : ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, आणि मुख्यतः धार्मिक कार्य करणाऱ्या संस्थेला ती मान्यता मिळत नाही. म्हणून सेमिनरी आणि महाविद्यालय एकाच आवारात असले, तरी पावती नेमक्या कोणत्या विश्वस्त संस्थेची आहे ते पाहून घ्यावे. २,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट मिळत नाही, तेव्हा धनादेश किंवा बँक हस्तांतरणाने पैसे द्यावेत. नुसत्या पावतीवर वजावट मिळत नाही. संस्थेने प्राप्तिकर विभागाकडे देणग्यांचे विवरण भरल्यावर जे प्रमाणपत्र निघते ते लागते, आणि त्यासाठी पॅन क्रमांक देणगी देतानाच लिहून द्यावा.