आजोबांचे थोरले भाऊ धर्मगुरू होते. त्यांचा सेवाकाळ कसा शोधावा?

प्रश्न : आमचे घराणे वसई तालुक्यातील नंदाखालचे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांचा एक फोटो आणि पहिल्या मिस्सेचे (चर्चमधील मुख्य उपासनाविधीचे) छापील स्मृतिकार्ड घरात आहे. कार्डावर १९२१ हे साल आहे. ते गोव्यात शिकले आणि पुढे काही वर्षे कराचीला होते, असे वडील सांगत. वंशावळ तयार करताना त्यांच्या नावापुढे ‘धर्मगुरू, अविवाहित’ यापलीकडे काही लिहिता आले नाही. त्यांची दीक्षा कोठे झाली, त्यांनी कोणकोणत्या चर्चमध्ये सेवा केली, हे कोणाला विचारावे? वसई धर्मप्रांताला पत्र लिहिले तर चालेल का?
– एक वाचक, वसई

उत्तर : वसई धर्मप्रांत, म्हणजे वसईच्या बिशपांच्या अधिकाराखालील प्रदेश, २२ मे १९९८ रोजी स्थापन झाला, त्यामुळे १९२१ सालच्या दीक्षेची नोंद तेथे होण्याचा प्रश्नच नव्हता. धर्मगुरूचा शोध घेताना बहुतेक लोक येथेच अडतात. ते गावापासून सुरुवात करतात. पण धर्मगुरूची कागदपत्रे ज्या बिशपांच्या अधिकाराखाली त्याने काम केले, त्यांच्याकडे जमा होतात. म्हणून सर्वप्रथम आपले हे धर्मगुरू आजोबा कोणत्या बिशपांचे धर्मगुरू होते, हे ठरवावे.

त्या काळी उत्तर कोकणातील कॅथलिकांवर दोन वेगवेगळे धर्माधिकार चालत. पोर्तुगालला पोपकडून मिळालेला धर्माश्रयाचा हक्क, म्हणजे पाद्रोआदो, हा एक. आणि रोमच्या प्रोपागांडा या धर्मप्रसार खात्याचा अधिकार हा दुसरा. १८८६ साली मुंबईचे आर्चडायोसिस, म्हणजे आर्चबिशपांचे धर्मप्रांत, प्रोपागांडाच्या बाजूने आणि दमणचे धर्मप्रांत पाद्रोआदोच्या बाजूने स्थापन झाले, आणि वसईची जुनी धर्मग्रामे (एकेका चर्चच्या अखत्यारीतील वस्त्या) सामान्यतः दमणच्या बिशपांकडे राहिली. १९२८ साली पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार होऊन हा दुहेरी कारभार संपला, आणि मुंबई-साष्टी-वसईकडील दमणची धर्मग्रामे धर्मगुरूंसह मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली. म्हणजे आपले आजोबा बहुधा दमणचे धर्मगुरू म्हणून दीक्षित झाले आणि सात वर्षांनी मुंबईचे धर्मगुरू झाले. त्यांच्या कारकिर्दीचे असे दोन भाग धरूनच शोध घ्यावा. मुंबईची कागदपत्रे १९२८ पूर्वी मुकी वाटली तर निराश होऊ नये.

कराचीची आठवणही या मांडणीत नीट बसते. मुंबई आर्चडायोसिसचा विस्तार त्या काळी गुजरात आणि सिंधपर्यंत होता. कराचीचे स्वतंत्र धर्मप्रांत १९४८ साली आणि अहमदाबादचे १९४९ साली झाले. तेव्हा मुंबईच्या आर्चबिशपांनी वसईचा धर्मगुरू कराचीला पाठवणे यात नवल नाही. मात्र आपल्या आजोबांच्या बाबतीत ते १९२८ नंतर घडले असण्याची शक्यता अधिक आहे. हे सर्व ते धर्मप्रांतीय, म्हणजे कोणत्याही धार्मिक संघाचे नसलेले, धर्मगुरू होते असे गृहीत धरून लिहिले आहे. कार्डावर नावापुढे एस. जे. यासारखी अक्षरे असतील, तर ते येशूसंघीय (जेझुइट) किंवा अन्य संघाचे ठरतील आणि विचारणा त्या संघाच्या प्रांताधिकाऱ्यांकडे करावी लागेल. येशूसंघीयांच्या वार्षिक सूचीत प्रत्येक सभासद त्या वर्षी कोठे आणि कोणत्या कामावर आहे हे दिलेले असते, त्यामुळे त्यांचा माग काढणे तुलनेने सोपे जाते.

आता घरच्या चर्चकडे वळू. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये आजोबांची बाप्तिस्म्याची नोंद पाहण्याची विनंती करावी आणि नोंदीइतकेच लक्ष तिच्या समासाकडे द्यावे. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, एखाद्याला उपदीक्षक, म्हणजे सबडीकन, ही धर्मगुरूपदाआधीची पदवी मिळाली की ती त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत लिहिणे बंधनकारक होते. ही संहिता १९१८ साली अमलात आली आणि आपल्या आजोबांची ही पदवी त्यानंतरचीच असावी, म्हणून समासात बारीक अक्षरात तारीख आणि दीक्षेचे ठिकाण सापडण्याची चांगली आशा आहे. नोंद लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत असेल. घरात जुवांव किंवा जॉन म्हणून ओळखला जाणारा माणूस तेथे जोआन्नेस किंवा जुआंव असू शकतो, म्हणून वडिलांचे आणि आईचे नाव जुळवल्याशिवाय नोंद आपली मानू नये. जन्मसालाचा अंदाजही तपासता येतो. दीक्षेसाठी वयाची २४ वर्षे पूर्ण असावी लागत, तेव्हा विशेष सवलत मिळाली नसेल तर आपल्या आजोबांचा जन्म १८९७ किंवा त्याआधीचा असला पाहिजे.

स्मृतिकार्डावर बहुधा पहिल्या मिस्सेची तारीख असते आणि ती मिस्सा पुष्कळदा मूळ गावी होते. दीक्षा मात्र बिशपांच्या हस्ते, अनेकदा दुसऱ्या शहरात, काही दिवस आधी झालेली असते. या दोन तारखा एक समजल्या, तर दीक्षेच्या नोंदवहीत भलत्याच पानावर शोध सुरू होतो. गोव्यातील शिक्षण बहुधा राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, झाले असावे, म्हणून तेथे प्रवेशवर्ष आणि मूळ धर्मग्राम विचारावे. एका कागदाची चौकशी घरातही करावी. पाद्रोआदोच्या प्रदेशात दीक्षेपूर्वी धर्मगुरूच्या निर्वाहासाठी कुटुंबाने एखादी मिळकत नेमून देण्याची जुनी पद्धत होती, आणि तसा दस्त झाला असेल तर त्यात आईवडिलांची नावे आणि जमिनीचे वर्णन मिळते.

नेमणुकांचा क्रम लावण्यासाठी मद्रासहून निघणारी कॅथलिक डिरेक्टरी फार उपयोगी आहे. तिच्यात धर्मप्रांतवार चर्च आणि तेथील धर्मगुरूंची नावे असतात, म्हणून चार-पाच वर्षांच्या अंतराने एकेक अंक पाहिला तरी बदल्यांचा साधारण काळ ठरतो आणि मग मधले अंक पाहता येतात. मुंबईचे ‘एक्झामिनर’ हे साप्ताहिक १८५० पासून निघते. १९२८ नंतरच्या नेमणुका, रौप्यमहोत्सव आणि मृत्युवार्ता यांसाठी ते चाळावे.

सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे त्या त्या चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदवह्यांतील सही. पहिली आणि शेवटची सही मिळाली की तेथील मुक्काम जवळजवळ निश्चित होतो. मात्र एक सावधगिरी हवी. सहीपूर्वी ‘दे लिसेन्सिया पारोकी’ असे लॅटिन शब्द असतील, तर त्यांनी तेथील प्रमुख धर्मगुरूंच्या परवानगीने पाहुणे म्हणून संस्कार दिला, असा अर्थ घ्यावा. पुतण्या-भाच्यांचे बाप्तिस्मे आणि लग्ने लावण्यासाठी धर्मगुरू गावी येतच असत. नंदाखालला अशा सह्या दिसल्या म्हणून त्यांची नेमणूक नंदाखालला होती असे लिहिणे चूक ठरेल. पण कुटुंबाच्या इतिहासासाठी त्या सह्या मला नेमणुकीच्या आदेशाइतक्याच मोलाच्या वाटतात.

मृत्यूची तारीख मिळत नसेल तर महसुली दप्तराची मदत घ्यावी. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाही, त्यामुळे वडिलोपार्जित जमिनीत त्याचे नाव वारस म्हणून लागते आणि त्याच्या निधनानंतर ते कमी होते. तलाठी किंवा तहसील कार्यालयातून गाव नमुना ६ मधील जुन्या फेरफार नोंदींच्या नकला काढाव्यात. आजोबांचे नाव कमी झालेल्या फेरफारात बहुधा मृत्यूची तारीख लिहिलेली असते, आणि हक्कसोड झालेली असेल तर तिचाही उल्लेख असतो.

एवढी माहिती हाती आल्यावर मुंबई आर्चडायोसिसच्या चॅन्सलरांना, म्हणजे तेथील दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना, पत्र लिहावे. धर्मगुरूंच्या वैयक्तिक फायली सहसा खुल्या नसतात, म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता दीक्षेची तारीख आणि ठिकाण, नेमणुकांचा क्रम आणि दफनाचे ठिकाण एवढेच विचारावे. पत्रात आजोबांचे नाव रोमन लिपीत सर्व संभाव्य स्पेलिंगांसह द्यावे, आईवडिलांची नावे आणि मूळ धर्मग्राम लिहावे, आपले नाते स्पष्ट करावे, आणि स्मृतिकार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत जोडावी.