प्रागमधल्या शूटिंगच्या जुन्या गाड्या: आधी खांबावरचा फलक वाचा

प्रागच्या माला स्ट्राना या जुन्या भागातल्या गल्लीत सकाळी सिनेमाच्या शूटिंगसाठी आणलेली जुनी श्कोडा दिसली, हॉटेलवरून कॅमेरा घेऊन येईपर्यंत गायब, आणि आता 'शूटिंग कुठे आहे हे आधी कळतं का?' असं तुम्ही विचारलंय. वाचून हसूच आलं. माझंही अगदी हेच झालं होतं, फक्त मला वर पैसेही पडले.

लेन्सबिन्स तुम्हाला कळतंच, ते सोडतो. शूटिंग असेल त्या रस्त्यावर साधारण आठवडाभर आधी गाडी थांबवायला बंदी असल्याचे तात्पुरते फलक लागतात: निळा गोल, त्यावर लाल फुली, खाली तारीख आणि वेळ. शेजारच्या इमारतींच्या दारांवर बऱ्याचदा रहिवाशांसाठी कागदही चिकटवलेला असतो. त्यात 'नाताचेनी' शब्द शोधा, म्हणजे चित्रीकरण.

मी शहाणा! असला फलक रोज बघत होतो, पण रस्ता खणणार असतील म्हणून वाचलाच नाही. उलट एका कार्यालयात शूटिंगची यादी मागायला गेलो. खिडकीवरून दुसऱ्या मजल्यावर, तिथून हातात चेक भाषेतला अर्ज, आणि तो भरून नेला तर 'हे आमच्याकडे येत नाही'. मग आधीच सांगायला काय झालं होतं? दोन सुट्ट्या पाण्यात. त्याच रात्री मित्राची गाडी बरोब्बर त्या फलकाखाली लावली. सकाळी बघतो तर तिच्या जागी शूटिंगसाठी आणलेली काळी तात्रा ६०३, म्हणजे जुनी चेक गाडी! मागच्या काचेवर मुद्दाम फासलेली धूळ, त्यात कुणाच्या तरी बोटाचा ओरखडा. मित्राची गाडी उचलून नेली होती. दंड आणि टोइंगचे पैसे भरून परत आलो तोवर तात्रा ट्रेलरवर चढलेली. फोटो एकही नाही.

शूटिंगच्या जागी उभ्या असलेल्या रक्षकाशी हुज्जत घालू नका. माझ्या अनुभवात जुन्या गाडीचा मालकच बऱ्याचदा जवळपास असतो, जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठा. ६०३ असेल तर पुढचे दिवे मोजा: तीन म्हणजे सुरुवातीची, चार म्हणजे १९६२ नंतरचं रूप. पण चार दिसले म्हणून गाडी नंतरचीच असं नाही, जुन्या गाड्या कारखान्यात परत नेऊन नव्या रूपात आणत. आणि १९३९ च्या मार्चपर्यंत प्रागमध्ये आपल्यासारखी डावीकडून वाहतूक होती. सिनेमात त्याआधीच्या काळातला प्रसंग असून गाड्या उजवीकडून धावताना दिसल्या की माझं डोकं फिरतं, पण ते असो.

हा माझा अनुभव, नियम बदलू शकतात, पार्किंगचं तुमचं तुम्ही बघा.

काहीच सापडलं नाही तर प्रागमधल्याच लेत्ना भागातल्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संग्रहालयात जा. हान्झेल्का आणि झिक्मुंड हे चेक प्रवासी १९४७ मध्ये आफ्रिकेला घेऊन गेले ती तात्रा ८७ तिथे आहे. सोमवारी मात्र बंद असतं.